आत्याच्या ट्रेवरच्या रेघोट्या

माझ्या नणंदेचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. ती घरी केक करून विकते. वर नाव लिहायला घेतलं की शेवटच्या अक्षराला हटकून जागा उरत नाही, ते बिचारं केकच्या कडेवरून खाली लोंबतं. गिऱ्हाईक हसतं, तीही हसते. माझं अक्षर मात्र मोत्यासारखं. ऑफिसातल्या दारांवरच्या पाट्या साहेब अजून माझ्याकडूनच लिहून घेतात. आता तुम्हीच सांगा, माझ्या लेकीला लिहायला कुणी शिकवायचं?

ठकीला नुकतीच चार वर्षं पुरी झाली होती. बालवर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या, घरी हाताला जरा वळण लावा. पुढेही त्या बरंच बोलल्या. पीठ मळू दे, कागद फाडू दे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावू दे, अक्षरांची घाई नको. पण तोवर मी पेन्सिल कुठली घ्यायची या विचारात पडले होते.

संध्याकाळी घरी आले की मी तिला मांडीवर घ्यायची, मागून हात घालून तिच्या मुठीवर माझी मूठ ठेवायची आणि अक्षर गिरवायला लावायची. तिचा हात ओल्या फडक्यासारखा सैल पडायचा. मी घट्ट धरला की बोटं मिटून घ्यायची. मग तिला तहान लागायची, मग शू, मग झोप. पेन्सिल दिसली की पोरगी पलंगाखाली जायला लागली.

बालवर्गातून आली की उरलेला दिवस ती शेजारच्या दारी, आत्याकडे असायची. एकदा कामावरून लवकर सुटले आणि तिला आणायला गेले, तर ही स्टुलावर उभी. हातात क्रीमची टोकदार पिशवी, समोर पालथा ट्रे. दोन्ही हातांनी पिशवी पिळून उभ्या रेघा, आडव्या रेघा, गोल काढणं चाललेलं. जीभ बाहेर. एखादा गोल बिघडला की चाटून टाकायचा आणि नवा काढायचा. समोर नणंदबाई अंडी फोडत होत्या आणि मध्येच मान वर करून पोरीकडे बघून हसत होत्या. शिकवणं वगैरे काही नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याकडे सैल पडणारा हात इथे रेघ तुटू देत नव्हता. मी म्हणाले, क्रीमनं दात किडतात, हे बंद करा. खरं तर दातांची काळजी मला त्याच क्षणी सुचली होती. नणंद "बरं" म्हणाली आणि ते चालूच राहिलं. रोज ठकीच्या केसांना व्हॅनिलाचा वास यायचा आणि रोज माझ्या पोटात दुखायचं. मी महागाचे रंगीत खडू आणले. ठकीनं डबा छातीशी धरला आणि थेट आत्याकडे पळाली.

मग तो दिवस आला. मी दारात पाऊल टाकलं आणि नणंदेनं केकच्या खोक्याचं एक झाकण घाईघाईनं मिक्सरमागे सरकवलं. मला वाटलं, झालं. पोरीनं पहिलं अक्षर काढलं आणि ही ते लपवतेय. महिनोन्महिने गिरवून घेतलं मी, आणि ही बसली आयत्या पिठावर रेघोट्या ओढत.

"दाखवा," मी म्हणाले.

तिनं राहू दे म्हटलं, पोरं काहीबाही काढतात, नंतर बघ म्हटलं. ती जितकी टाळत होती तितकी माझी खात्री पटत होती.

"ताई, लेक माझी आहे," मी म्हणाले आणि झाकण ओढून घेतलं.

अक्षर नव्हतंच. खडूनं काढलेली माणसं होती. एक गोल चेहरा, दोन ठिपके, कानापर्यंत हसणारं तोंड, आणि हनुवटीतूनच खाली आलेले पाय. शेजारी तसाच एक उंच. आणि त्यांच्यावर, जवळजवळ सगळं झाकण व्यापून, एक पंजा. नुसता पंजा, पाच जाड बोटांचा.

ठकी धावत आली आणि कौतुकानं एकेकावर बोट ठेवून सांगू लागली. ही आत्या, हे बाबा.

"आणि ही तू," पंजावर बोट ठेवून ती म्हणाली.

"माझं तोंड कुठंय गं?"

"तुझं तोंड मागे असतं ना. मला हातच दिसतो."

नणंद पाठ फिरवून भट्टीत डोकावत होती, जणू आत फार काही चाललं होतं. तिनं टोमणा मारला असता तर मला भांडता आलं असतं. तिनं ते चित्र माझ्यापासून का लपवलं होतं ते आता मला कळलं, आणि त्याचाही राग आला.

मी दुसरं स्टूल ओढलं आणि ठकीच्या समोर बसले. हात मांडीखाली दाबून ठेवले, नाहीतर ते गेलेच असते तिच्या मुठीवर. मी तिला म्हटलं, माझं तोंड काढ. तिनं क्रीमची पिशवी उचलली, एक गोल काढला आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. आई पहिल्यांदाच दिसावी तसं पाहिलं.

"अशी नको," ती म्हणाली. "आत्यासारखी हस."

पोटात दुखलंच. तरी मी हसले.