बोर्डातली काळी लोकर

"वहिनी, हात लावू नका! अजून करंट हाय," बन्सी स्टुलावरून ओरडला, तशी वच्छलाबाईंनी भिंतीवरच्या बोर्डाकडे गेलेला हात मागं घेतला.

खरं तर तो बोर्ड त्यांना काढूच द्यायचा नव्हता. उस्मानपुऱ्यातल्या या दोन खोल्यांत नवऱ्यानं, खंडेरावांनी, आपल्या हातानं ओढलेली ही लाइन. खंडेराव मूळचे मेंढरांमागं हिंडणारे. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं विकली, शहर गाठलं, बन्सीच्या जोडीनं वायरिंग शिकले आणि चितेगावच्या कारखान्यात लागले. बायको धुरात खोकते म्हणून विजेची शेगडी आणली. ती शेगडी म्हणजे मोठी निवांत बाई! कॉइल लाल होऊन चहाला उकळी येईपर्यंत नवराबायकोचं जगभराचं बोलून व्हायचं.

आता पुन्हा दुष्काळ. शहर वाढलेलं, टँकरपुढं घागरींची रांग, वीज कधीही गुल. खंडेराव गेल्या उन्हाळ्यात गेले. शेवटी लेकीनं, ज्ञानेश्वरीनं, आईसाठी गॅस घेतला.

"बोर्ड ऱ्हाऊ दे की. तुला काय खातोय व्हय?"

"अवो, खाली गॅस, वर बटण! गॅस गळला अन् तुम्ही बटण दाबलं, तर एवढीशी ठिणगी लई झाली. अन् शेगडी काढून वायर तशीच जिती ठिवली, तर कुणाचा तरी घात करंल. मेनपासून सोडवावीच लागंल."

"त्यांच्या हातचं तेवढंच ऱ्हायलंय रे घरात."

बन्सीनं मेनचा फ्यूज काढला, टेस्टर लावून खात्री केली आणि बोर्ड उघडला. आत काळ्या लोकरीचा झुबका होता, कडेनं करपलेला.

"आरं खंड्या, येड्या!" बन्सीनं झुबका चिमटीत धरून बाहेर ओढला. "कारखान्यात आमाला दम द्यायचा, बोर्डात काडीकचरा नको म्हणून. अन् घरात ही लोकर! वहिनी, घर पेटलं असतं."

"नजर लागू नाय म्हणून ठिवली आसंल," वच्छलाबाई म्हणाल्या. लहानपणी लेकीच्या मनगटालाही खंडेरावांनी अशीच लोकर बांधली होती. वच्छलाबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या ढसाढसा रडल्या. केवढी माया, आणि केवढा वेंधळेपणा!

"काढ बाबा," पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. "समदी लाइन काढ. ती लोकर तेवढी मला दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गॅसवर चहा ठेवला. वायर निघाली होती तिथं भिंतीवर फिकट पट्टा उरला होता, माळावरच्या पाऊलवाटेसारखा. बघता बघता त्यावरून मेंढरं चालू लागली. मागं खांद्यावर घोंगडी टाकलेले खंडेराव, तरणेबांड, सावकाश येणारे. वच्छलाबाईंनी मनगटाला ती काळी लोकर बांधलेला हात त्या पट्ट्यावर टेकला.

"अवो, ऐकलं का," त्या नेहमीसारख्या म्हणाल्या, "काल बी टँकर आला नाय. अन् तुमची ती लोकर..."

तोवर चहा उतू गेला. त्यांनी घाईघाईनं गॅस बंद केला. शेगडीची कॉइल एवढ्यात लालसुद्धा झाली नसती; बोलणं अजून नीट सुरूही झालं नव्हतं.