कमरेतून जबड्यात

मी हाडाचा एक तुकडा आहे, मित्रांनो. माझं वय विचाराल, तर सेगू शहराच्या बाजारात चवळीचे वडे तळणाऱ्या अस्सितान कोनेचं जे वय, तेच माझं. मी तिच्या कमरेत जन्मलो आणि तिथेच वाढलो. तिची मुलगी सारान तान्ही असताना आईच्या पाठीला बांधलेली असायची, तेव्हा तिच्या मांड्या माझ्यावरच टेकायच्या. माझं कौतुक मात्र कुणी केलं नाही. कमरेच्या हाडाकडे बघतो कोण?

वर जबड्यात एक गाठ वाढत होती. ती जीवघेणी नव्हती, दुखतही नव्हती, आणि तिथेच घात झाला. अस्सितानने गालावरून फडकं ओढून घेतलं आणि वडे तळत राहिली. गाठ जबडा पोखरत गेली आणि चेहरा एका बाजूने फुगला.

समोरच शिंपी झुमाना त्राओरेचं दुकान होतं. कोने आणि त्राओरे या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं, गुलाम म्हणायचं, वाट्टेल ते बोलायचं आणि राग धरायचा नाही.

"काय गं चवळीखाऊ, आज गुलामांना सुट्टी वाटतं?" झुमाना रोज ओरडायचा.

पूर्वी अस्सितान त्याला दुप्पट सुनावायची. गाठ वाढली तशी ती गप्प झाली.

शेवटी सारानने आईला ओढतच राजधानी बामाकोच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोखरलेला जबडा काढला, मला कमरेतून कापून घेतलं आणि त्या जागी धातूच्या पट्टीवर स्क्रूने पक्कं केलं.

"हा तुकडा रुजेपर्यंत काहीही चावायचं नाही. पेज प्यायची. बोला, हसा, पण चावू नका. तुकडा निखळला तर सगळं पुन्हा करावं लागेल," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. शेजारचं हाड मला आपलं म्हणेल का? माझ्यात रक्त येईल का? अस्सितानने जांभई दिली तरी मी पट्टीला घट्ट चिकटून बसायचो.

अशातच सारानला मागणी आली. नवऱ्या मुलाची आत्या कोला घेऊन आली. कोलाची बी टणक आणि कडू असते. ती स्वीकारून वाटली की सोयरीक जमली. आत्याने पहिला तुकडा अस्सितानच्या तळहातावर ठेवला.

"घ्या विहीणबाई. आईनेच तोंड फिरवलं तर आमचं स्थळ पसंत नाही, असं समजायचं का?"

अस्सितानने लेकीकडे पाहिलं. सारान जोरजोरात नकाराची मान हलवत होती. तरी जबड्याचं सांगून स्थळ मोडायला नको म्हणून अस्सितानचा हात ओठांकडे निघाला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण हाडाला कुठला आवाज?

इतक्यात सोयरिकीला बोलावलेल्या झुमानाने झडप घालून तो तुकडा पळवला आणि तोंडात टाकला.

"मालकाआधी गुलाम खाणार? कोनेंच्या वाट्याचं आम्ही त्राओरेच खातो!"

आत्या आधी चमकली, मग पोट धरून हसली. "त्राओरेंच्या तोंडी कोण लागणार! त्याने खाल्लं म्हणजे तुम्हाला पोचलं."

झुमाना कडवट तोंड करून अस्सितानजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "तुझं तोंड मला शाबूत हवंय गं. किती दिवस झाले, मला कुणी धड शिवी दिली नाही."

अस्सितानने गालावरचं फडकं खाली सरकवलं. "आधी सदरा नीट शिवायला शीक, त्राओरे. एक बाही लांब, एक आखूड. चवळी खाऊन डोळ्यांवर झापड आली का?"

आणि ती हसली. मी नखशिखान्त हादरलो. पण स्क्रू टिकले, पट्टी टिकली, मी जागचा हललो नाही.

मित्रांनो, मी अजून पुरता रुजलेलो नाही, धाकधूक आहेच. तोंडात गाठ दिसली तर दुखत नाही म्हणून झाकून ठेवू नका, लगेच दाखवा. आणि माझ्या अस्सितानला मेहेरबानी करून काही चावायला देऊ नका. हसवा मात्र खुशाल, तेवढा धक्का मी सोसेन.