ताश्कंदच्या भिंतीवर न टांगलेला कॅमेरा

ही हकीगत २०१९ सालच्या शरदातली. त्या वर्षी मला ताश्कंदला नेलं, आणि मित्रांनो, शहरातल्या हौशी मंडळींबद्दल माझं जे थोडंफार बरं मत होतं, ते तिथेच संपलं.

मी रोलवर चालणारा जुना कॅमेरा आहे. जन्म खारकिव्हच्या एका कारखान्यातला, पण आयुष्य गेलं उझबेकिस्तानातल्या मार्गिलानमध्ये, रेशीम विणणाऱ्यांच्या मोहल्ल्यात, एर्गाश नावाच्या फोटोग्राफरच्या गळ्यात. लग्न असो, सुंता असो, पहाटेच्या पुलावाची पंगत असो, आम्ही हजर. माझ्यासमोर यायचं म्हणून पुरुष टोपी सारखी करत आणि बाया पोरांची नाकं पुसत. आता माणसं ताटाचे फोटो काढतात आणि जेवण गार होऊ देतात. असो.

एर्गाश तयार रोल कधी घेत नसे. मोठ्या गुंडाळीतून फिल्म कापून तो ती रोलच्या जुन्याच छोट्या डब्यांत भरायचा. घरात अंधारखोली नव्हती. मग तो आपला रुईभरला चपान, म्हणजे जाड लांब कोट, गुंडाळून त्याच्या पोटात सामान ठेवायचा आणि बाह्यांतून हात आत घालून चाचपत काम करायचा. बायको, सालोमत, कोटाच्या कडा दाबून धरायची.

"हलू नकोस," तो म्हणायचा.

"मी कुठे हलतेय? तुझंच पोट हलतंय."

त्या घरात अख्ख्या मोहल्ल्याचे फोटो होते. एर्गाशचा मात्र ओळखपत्रावरचा सोडला तर एकही नव्हता, कारण तो कायम माझ्या मागे. शेवटच्या वसंतात, जर्दाळू फुलला असताना, सालोमतने मला त्याच्या हातून ओढून घेतलं आणि बटण दाबलं. थोड्याच दिवसांत एर्गाश गेला. रोल माझ्या पोटातच राहिला.

मार्गिलानमध्ये रोल धुणारं कोणी उरलं नव्हतं. सालोमतने मला त्याच्याच चपानमध्ये गुंडाळलं आणि ती ताश्कंदला भावाच्या मुलीकडे, दिलनवोझकडे आली. दिलनवोझ फोनमध्ये बघत पुढे, आम्ही मागे. पहिल्या दुकानाच्या पाटीवर माझ्यासारख्याचं चित्र होतं आणि आत फोनची कव्हरं.

"रोल?" विक्रेता म्हणाला. "आपा, चार्जर हवा तर सांगा."

दुसऱ्या पत्त्यावर दुकानाच्या जागी समसा, म्हणजे मटणाचे भाजके समोसे, करणारी भट्टी लागली होती. "अम्मा, निदान समसा तरी खाऊ," दिलनवोझ आत्याला म्हणाली. सालोमतने खाल्ला नाही.

तिसऱ्या पत्त्यावर निघाली गॅलरी. पांढऱ्या भिंती, कॉफीचा वास आणि खिळ्यांना टांगलेले माझे भाऊबंद. एकाच्या पोटात दिवा बसवलेला, दुसऱ्याच्या पोटात निवडुंग. त्यांच्याखाली उभी राहून तरुण मंडळी फिल्मच्या आत्म्याबद्दल बोलत होती. आत्मा म्हणे. त्यांतल्या निम्म्यांना रोल कुठून घालतात तेही ठाऊक नसावं.

मालकाचं नाव तेमुरमलिक. कोरलेली दाढी आणि मुद्दाम विटवलेला नवा कोट. त्याने फिल्म परत गुंडाळायची माझी कळ फिरवली. ती मोकळी फिरली.

"रिकामा आहे, आपा. बघा कशी गरागरा फिरते. भिंतीसाठी घेतो मी." त्याने मला उलटं केलं आणि बोटं झाकण उघडायच्या, बुडाच्या खटक्यांवर ठेवली.

रिकामा! जुन्या डब्यात हाताने भरलेली फिल्म शेवटाला जास्त ओढली गेली, की आतल्या दांडीवरून सुटते. मग कळ मोकळी फिरते आणि फिल्म तशीच उघडी पोटात राहते. झाकण निघालं असतं तर एर्गाश उजेडात जळून गेला असता. आणि मला ओरडता येत नाही.

सालोमतने त्याचं मनगट धरलं. "हात काढ, बाळा. आत माझा नवरा आहे."

तेमुरमलिक गडबडला. "पण कळ..."

"त्याच्या हातातही ती अशीच फिरायची. मग तो कोट मागायचा. तो मागे पत्र्याचा डबा आहे ना, तो दे."

"त्यात चहा आहे. चिनी, चांगल्यातला."

"मग कागदावर ओत."

ती तिथेच फरशीवर बसली. मला आणि डब्याला चपानच्या पोटात ठेवून तिने बाह्यांतून हात घातले. हे काम तिने आयुष्यभर पाहिलं होतं, केलं कधीच नव्हतं. चाचपतच माझं झाकण उघडून ती फिल्म डब्यात सरकवू लागली. दिलनवोझने कडा दाबल्या. तेवढ्यात भोवती गर्दी जमली आणि फोन वर झाले.

"शोकावरचा प्रयोग आहे," एक मुलगी कुजबुजली.

"शोक नाही गं, गर्भ आहे तो," तिचा मित्र म्हणाला.

"तुझा बूट मागे घे," दिलनवोझ त्याला म्हणाली. "चपानवर आलाय."

सालोमतने झाकण लावलेला डबा बाहेर काढला, तेव्हा त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या?" ती म्हणाली. "लग्न आहे का कोणाचं इथे?"

मागच्या अंधारखोलीत कॉफीची पोती भरली होती; ती बाहेर काढून तेमुरमलिकने तिथे फिल्म धुतली. हे काम मात्र त्याने मन लावून केलं, तेवढं मला मान्य करावं लागतं. जर्दाळूची फांदी आली, शेजारच्या नातवाची टोपी आली आणि मग किंचित तिरका एर्गाश आला. तोंड उघडं, हात पुढे, कोपऱ्यात एक जाडसर सावली.

"ओरडतोय मला," सालोमत म्हणाली. "भिंगावरचं बोट काढ म्हणत होता."

तेमुरमलिक हलक्या आवाजात म्हणाला, "आपा, हा मोठा करून इथे लावू द्या. खाली लिहू, अनामिक, मार्गिलान."

"अनामिक कशाला? एर्गाश नाव आहे त्याचं. आणि तो घरी येतोय."

पुढच्या हिवाळ्यात ती गॅलरी बंद पडली. तिथे आता डाळिंबाचा रस मिळतो. तेमुरमलिक लग्नाचे फोटो काढतो, अर्थात फोटो लगेच दिसणाऱ्या कॅमेऱ्याने, आणि दर ईदला दिलनवोझच्या फोनवर सालोमतची खुशाली विचारतो. दिलनवोझने स्वतःच्या लग्नात मला मांडवात ठेवलं होतं, शोभेला. तिच्याकडूनही माझी एवढीच किंमत झाली. सालोमत मार्गिलानलाच आहे. गुडघे दुखतात, पण भिंतीवरच्या एर्गाशशी रोज सकाळी भांडण होतं आणि हल्ली तीच जिंकते. मी त्याच खोलीत फळीवर असतो. ती मला पुसते, उगाच हाताळत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा सापडेल. त्याच्यात दिवा बसवायची, निवडुंग लावायची घाई करू नका. झाकणाचा खटका उघडण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, शेवटचा फोटो कोणाचा काढला होता. उत्तर मिळेपर्यंत झाकण बंद ठेवा.