अंगठ्याला न कळलेली कड

आमच्या कारखान्यात काचेची कड घासून झाली की ती अंगठ्याने तपासतात. हातमोजा काढायचा, अंगठा कडेवरून फिरवायचा आणि कुठे खरखर लागली की काच पुन्हा घासायला धाडायची. हे काम माझ्या नवऱ्याचं. चांगला बी.ए. झालेला माणूस, पण कामगार त्याला अंगठेबहाद्दर म्हणतात. कारखाना थोरल्या दिरांचा, दादांचा. तो खाली, घर वर. इथे कुणी शिंकलं तरी दोन्हीकडे कळतं.

वर्षभर त्याच्या तळपायांना मुंग्या येत होत्या. मग बधिरपणा बोटांतही आला. डॉक्टरांनी सुया टोचून नसा तपासल्या आणि आमची जुनी फाईल मागितली. ती आम्हा दोघांशिवाय घरात कुणी पाहिलेली नाही. मूल होईना तेव्हा केलेली तपासणी आहे त्यात. याच्या पेशींत जन्मापासून एक एक्स गुणसूत्र जास्त आहे, आणि मूल न होण्याचं कारण तेच.

"अशा काही लोकांच्या नसाही खराब होतात," डॉक्टर म्हणाले. "काचेला हात लावणं बंद करा."

बंद करायचं तर दादांना कारण सांगायला हवं. कारण सांगायचं तर फाईल उघडायला हवी. आणि फाईल उघडली की अकरा वर्षं मी कुणाच्या वाटची बोलणी खाल्ली, तेही उघडं पडणार.

"इकडे आड तिकडे विहीर झालंय गं," तो म्हणाला.

"विहिरीत मी कधीचीच पडलेय. तू काठावर उभा राहून बोलतोयस."

त्याने हात जोडले. थोडे दिवस थांब म्हणाला. मी थांबले. मूर्खच मी.

मंगळवारी दुपारी एका दुकानाची मोठी काच तपासायची होती. त्याने सवयीने अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कडेवर लाल रेघ उमटत गेली आणि हा "ठीक आहे, पाठवा" म्हणत होता. कामगार ओरडले तेव्हा कुठे त्याने खाली पाहिलं.

त्याला वर आणलं. मागोमाग दीर आले, ते तापूनच.

"हात कापला तरी कळत नाही? खरं सांग, पितोस का तू?"

मला वाटलं, आता तरी बोलेल. फाईलचं कपाट तीन पावलांवर होतं. ज्याने जन्मात बिअरचा थेंब चाखला नाही, तो माझा नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "हो, दादा."

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "पिणार नाही तर काय करेल बिचारा? घरात लेकरू नाही. कुणामुळे, ते मला बोलायला लावू नका."

"उद्यापासून तू मापं लिहायला बस," दीर त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि तू लक्ष ठेव, बाटली कुठे लपवतो त्यावर."

काम बदललं, फाईल बंदच राहिली. त्याचं सगळं मार्गी लागलं. मी जखम पुसत होते आणि तो डोळ्यांनी मला विनवत होता, बोलू नकोस. मला त्याची कीव आली. त्याचा गळा दाबावासाही वाटला. मी अंगठ्याभोवती पट्टी गुंडाळली आणि सगळ्यांसमोर, दात-ओठ खाऊन आवळली. अंगठ्याचं टोक पांढरंफटक पडलं तरी आवळतच राहिले.

तो दादांकडे बघत होता. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "झालं का बांधून?"