गजर कुणी धरायचा

भाचीच्या मेलला मी उत्तर दिलं नव्हतं. प्रश्न एका ओळीचा होता: ‘मामा, गजर वाजवणाऱ्या माझ्या फंक्शनचा पत्ता मी तुझ्या लायब्ररीला देते, तो ती किती वेळ धरून ठेवते?’ इतकं सोपं कुणी मला कशाला विचारेल, या शंकेतच दिवस गेले. उत्तर लिहायचं, खोडायचं, पुन्हा जुनी पुस्तकं उघडायची.

श्वास मोजणाऱ्या यंत्राची ती लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, मी सी भाषेत लिहिलेली. तिथे ज्याने मेमरीतली जागा घेतली त्यानेच ती सोडायची. भाचीने त्याच यंत्राच्या पडद्यावरचा प्रोग्राम नव्या भाषेत लिहिला. तिथे सफाई आपोआप होते. ज्याला कुणी धरलेलं दिसत नाही, ते टाकून दिलं जातं.

आज दुपारी ताईकडे गेलो तर ते यंत्र झोपलेल्या दाजींच्या उशाशी. झोपेत त्यांचा श्वास मधूनच थांबतो, म्हणून भाचीने चाचणीचं यंत्र घरीच लावलेलं.

“पुस्तकातून मान वर निघाली म्हणायची,” ताई म्हणाली.

“हे कधीपासून चालू आहे?”

“लावल्यापासून बंदच केलं नाही. तेव्हा पोरीने गजर वाजवून दाखवला, माझे कान बसले. आता कसं गुणी बाळासारखं गप्प असतं. मीही निवांत झोपते.”

तेव्हा वाजणारच; सफाईची वेळच आली नसणार. पण नंतर? पत्ता माझ्या लायब्ररीकडे आहे, आणि माझ्या बाजूला कोण काय धरून बसलंय ते त्या सफाईला दिसत नाही. तिच्या लेखी ते फंक्शन बेवारस, टाकून द्यायचं.

माझंच चुकत असावं अशी आशा करत मी दाजींच्या नाकाजवळची, श्वास नुसता टिपणारी नळी अलगद बाजूला केली. पडद्यावरचा श्वासाचा हिरवा आकडा उतरत शून्यावर आला. गजर वाजला नाही. पडदाच काळा झाला.

“अरे, काय केलंस?”

“मी काही नाही. म्हणजे, मीच बहुतेक. ताई, त्यांच्या छातीवर हात ठेव. काढू नकोस.”

“घाबरवू नकोस मला.”

“मीही घाबरलोय.”

तिच्या हाताखाली छाती वर गेली, खाली आली आणि तिथेच राहिली. आम्ही दोघं वाट बघत होतो. मग ताईने त्यांचा खांदा गदागदा हलवला. “अहो. अहो, ऐकताय ना?”

दाजी खोकत जागे झाले. “झोपूही देत नाही ही बाई.”

ताई मटकन खाली बसली, पण हात तिने काढला नाही.

भाची कारखान्यात होती. तिथे फोन बाहेर ठेवावा लागतो, मेल मात्र टेबलावरच्या संगणकावर उघडी असते. संध्याकाळी अशीच यंत्रं तिथून इस्पितळात जाणार होती. मी लिहिलं: ‘यंत्र बंद होईपर्यंत माझी लायब्ररी तो पत्ता सोडत नाही. तोवर तुझ्या बाजूने ते फंक्शन धरून ठेव, सफाईला दिसेल असं. आत्ता श्वासाचा आकडा शून्य झाला तरी गजर वाजला नाही, प्रोग्रामच पडला. एकही यंत्र बाहेर जाऊ देऊ नकोस. बाबा ठीक आहेत, आई शेजारी बसली आहे.’

वाक्यांचा क्रम बरोबर आहे का, बाबांचं आधी लिहायला हवं होतं का, असं मनात सुरू झालंच. ते पुरं व्हायच्या आत मी ‘पाठवा’ दाबलं.