हातांची फुली

मित्रांनो, मी जुना आहे, लोखंडाचा आहे आणि तुमच्यापैकी बहुतेकांच्या छातीपर्यंत येतो. गाण्याच्या कार्यक्रमात रंगमंच आणि गर्दी यांच्यामध्ये जो कठडा उभा असतो ना, त्याचा मी एक तुकडा. माझ्यासारखे बरेच भाऊ शेजारी शेजारी जोडले, की सलग कठडा होतो. माझी पाठ रंगमंचाकडे आणि तोंड लोकांकडे. त्यामुळे इतक्या वर्षांत मी एकही कार्यक्रम पाहिलेला नाही. पाहिलेत ते पाहणारे.

माझा जन्म वेल्डिंगच्या कारखान्यात झाला. ज्याने मला जोडलं तो कारागीर प्रत्येक जोड थंड झाला की त्यावरून हळूच अंगठा फिरवायचा, बाळाच्या हिरडीवर दात आलाय का बघावं तसा. शेवटी त्याने माझ्या पायाशी एक रुंद पत्र्याची फळी बसवली. ही फळी महत्त्वाची, तेवढं नीट ऐका. ती लोकांच्या बाजूला जमिनीवर पसरलेली असते आणि पहिल्या रांगेतले लोक तिच्यावरच उभे राहतात. ते मला ढकलतात, पण त्यांचंच वजन मला खाली धरूनही ठेवतं. कडेवरचं मूल आईला थकवतं आणि सावरतंही, तसंच काहीसं.

माझी उमेदीची वर्षं छान गेली. सायकलींच्या शर्यतीत लोकांनी माझ्यावर कोपरं टेकली. जुन्या गाण्यांच्या मैफलीत एक आजोबा माझ्या नळीवर बोटांनी ताल धरायचे आणि समेला हमखास चुकायचे. शाळेच्या संमेलनात आयांनी माझ्यावर मुलांचे स्वेटर वाळत घातले. "भक्कम आहे हो!" असं कुणी म्हटलं की मी मनातल्या मनात फुगायचो.

मग गळक्या छपराचं गोदाम आलं. रंगाचे पापुद्रे सुटले. एकदा ट्रकमधून उतरवताना मला डावीकडच्या भावाशी जोडणारा बोल्ट निसटला आणि घरंगळत कुठेतरी गेला. हमालाने वाकून शोधला. तेवढ्यात मुकादम ओरडला, "अरे, तार गुंडाळ आत्ता! पुढच्या खेपेला बघू." पुढची खेप किती लांब असते, ते तुमच्या घरातल्या गळक्या नळाला विचारा. तेव्हापासून माझ्या उजव्या कुशीला बोल्ट आणि डाव्या कुशीला तार. माणसाला निदान "दुखतंय" म्हणता येतं. मी नुसता उभा राहायचो आणि प्रत्येक कार्यक्रमाला मनात म्हणायचो, आजचा दिवस निभू दे.

अशातच 'खालचा मजला' यांचा कार्यक्रम ठरला.

खालचा मजला म्हणजे रॅप करणारी पाच पोरं. कपडे धुण्याच्या दुकानाखालच्या तळघरात त्यांनी पहिली गाणी रचली, म्हणून हे नाव. त्यातल्या थोरल्याला सगळे खडू म्हणत आणि धाकटीला ठसका. त्यांच्या गाण्यांत शिव्या होत्या, मास्तरांची टिंगल होती, मोठ्यांना झोंबतील असे प्रश्न होते. काही लोक म्हणत, ही कार्टी आमची मुलं बिघडवणार. मुलं म्हणत, आमच्या मनातलं पहिल्यांदाच कुणीतरी बोललं. एका कार्यक्रमात खुर्च्या मोडल्या होत्या, हेही खरं.

पण सगळ्यांत जास्त गवगवा झाला तो फुलीचा. दोन्ही हात डोक्यावर उंच न्यायचे आणि मनगटं एकमेकांवर ठेवायची. चाहत्यांमध्ये याचा अर्थ एकच: इथे कुणीतरी संकटात आहे, मागे व्हा. ज्याला दिसेल त्याने तीच खूण मागच्याला द्यायची. वर्तमानपत्रात छापलेल्या फोटोत मात्र नुसते हात होते. ज्या पडलेल्या पोरासाठी ते वर गेले होते, ते फोटोत आलंच नव्हतं. खाली लिहिलं होतं, टोळीची खूण.

सभागृहाच्या व्यवस्थापकांनी तो फोटो पाहिला होता. परवानगी दुपारपुरतीच मिळाली होती आणि त्यांच्या कपाळावर सकाळपासून घाम होता. दारं उघडण्याआधी त्यांनी सगळ्या रखवालदारांना माझ्यासमोर उभं करून बजावलं, "फुली दिसली की मी वीज बंद करणार. कार्यक्रम खलास. आणि फुली करणारा बाहेर. मग तो कुणी का असेना."

दारं उघडली आणि मुलं धावत आली. माझ्या नळीला पहिले हात लागले ते एका शाळकरी मुलीचे. तान्हं बाळ बोट धरतं तसं तिने मला घट्ट धरलं. मागून तिचे बाबा धापा टाकत पोचले. ते चष्म्यांचं दुकान चालवत.

"चिऊ, ऐक. हा पहिला आणि शेवटचा. काही वेडंवाकडं दिसलं की हात धरून घरी."

"बाबा, इथे चिऊ नका ना म्हणू!"

शेजारी एक दाढीवाला धिप्पाड मुलगा उभा होता. त्याचे मित्र त्याला भोपळा म्हणत होते. तो अदबीने म्हणाला, "काका, काळजी करू नका. मी आहे इथे."

"तुझीच काळजी वाटतेय मला," बाबा म्हणाले आणि पार मागे, दाराशी जाऊन उभे राहिले.

कार्यक्रम सुरू झाला. माझ्या पाठीत ठोके घुमू लागले आणि समोर चेहरेच चेहरे. काय सांगू तुम्हाला! प्रत्येक ओळीला शेकडो ओठ हलत होते. एक मुलगी रडत होती आणि रडताना एकही शब्द चुकत नव्हती. एक जण कपाळाला आठ्या घालून मित्राला सांगत होता, "मोबाइलवर बरे वाटतात रे, इथे नुसते बोंबलतायत!" आणि पुढच्याच गाण्याला तोच सगळ्यांत उंच उड्या मारत होता. ठसका आपल्या आईवरचं गाणं म्हणू लागली, तेव्हा भोपळ्याने चष्मा पुसायचं निमित्त केलं. त्याला चष्माच नव्हता.

मग खडू ओरडला, "दरी करा!"

हा त्यांचा आवडता खेळ. गर्दी मधोमध फाकते, दोन्हीकडे माणसांच्या भिंती आणि मध्ये मोकळी जागा. ठोका पडला की दोन्ही भिंती धावत एकमेकांवर आदळतात. मी नेमका मधोमध होतो. माझ्या फळीवरची माणसं बाजूला झाली आणि मी हलका झालो. ठोका पडला. गर्दीचा लोंढा माझ्यावर आला तेव्हा फळीवर कुणीच नव्हतं. मी रंगमंचाकडे कललो. डाव्या कुशीतल्या तारेचा एक वेढा तुटला, मग दुसरा. लोक पुन्हा फळीवर आले म्हणून मी कसाबसा सरळ झालो. आता एकच वेढा उरला होता. मी पडलो तर पहिली रांग माझ्यावर पडणार, आणि मागच्यांना काही कळायच्या आत ते या मुलांवर.

हे त्या मुलीच्या हातांना कळलं. ती भोपळ्याच्या कानात ओरडली, "हा हलतोय!"

"मी पण हलतोय!" तो आनंदाने म्हणाला.

माझ्यामागे एक रखवालदार ताई उभ्या होत्या, कानात कापसाचे बोळे घालून. मुलीने त्यांना हाका मारल्या, माझ्याकडे बोट दाखवलं, हात हलवले. ताईंना वाटलं, पोरीला तहान लागली. त्यांनी प्रेमाने पाण्याची बाटली पुढे केली.

तेवढ्यात खडू गरजला, "अजून एक दरी! याहून मोठी!"

गर्दी फाकू लागली. माझ्या फळीवरचे पाय एकेक करून उतरले. ती मुलगी उतरली नाही. सगळं वजन टाचांवर टाकून ती एकटीच उभी राहिली, आणि तिचं वजन ते केवढं! तिने मान वळवून मागे पाहिलं. बाबा दाराशी टाचा उंचावून तिलाच शोधत होते. बाजूच्या जिन्यावर व्यवस्थापक विजेच्या खटक्यापाशी उभे होते. तिच्या हातांनी माझी नळी आणखी घट्ट आवळली. हे हात वर गेले तर सगळ्यांचा कार्यक्रम संपणार, ती बाहेर जाणार, आणि बाबा तिला पुन्हा कधी कुठे सोडणार?

तिने मला सोडलं आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली.

खटका पडला. आवाज गेला, दिवे गेले. वरच्या झरोक्यांतून येणारा दुपारचा उजेड तेवढा उरला. आणि मित्रांनो, सगळ्यांत भयंकर क्षण हा होता. मागच्यांना काहीच कळेना. शिट्ट्या सुरू झाल्या, "चालू करा! चालू करा!" आणि काय झालंय ते बघायला सगळे पुढे सरकू लागले. माझी शेवटची तार करकरली.

भोपळ्याने त्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा उतरला. एका ढांगेत तो फळीवर आला, गर्दीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने फुली केली. रंगमंचावरच्या पाचही जणांनी केली असणार, कारण समोरच्या सगळ्या नजरा एकदम वर गेल्या. दुसरी रांग, तिसरी, चौथी. हात वर जात राहिले आणि पाय मागे जात राहिले.

एकच माणूस उलटा येत होता. चष्मेवाले बाबा. मुलीचे हात दिसल्यापासून ते लोकांना कोपरांनी ढकलत पुढे घुसत होते. त्यांच्यामागे उघडलेल्या वाटेने आणखी लोक येत होते. एका किडकिडीत पोराने त्यांना छातीशी अडवलं.

"काका, मागे व्हा!"

"बाजूला हो! माझी मुलगी आहे पुढे!"

"म्हणूनच सांगतोय ना! तुम्ही पुढे आलात की दाब तिच्यावरच जातो. मागे व्हा, काका. एक पाऊल."

बाबांनी माझ्या दिशेने पाहिलं. मी कलत होतो, ते आता त्यांनाही दिसलं. मुलगी हाताच्या अंतरावर असल्यासारखी वाटत असताना तिच्यापासून दूर जायचं, हे पाऊल किती जड असेल! पण त्यांनी ते टाकलं. मागे. मग दुसरं. आणि हात वर करून वेडीवाकडी फुली केली.

आता मागून ढकलणारं कुणी नव्हतं. ताईंनी कानातला कापूस ओढून काढला, तार पाहिली आणि पहिल्या रांगेतल्या मुलांना कडेने बाहेर काढलं. भोपळा सगळ्यांत शेवटी उतरला. तार तुटली. मी पाठीवर आडवा झालो, इतक्या जोरात की सगळं सभागृह दचकलं. माझ्याखाली कुणीही नव्हतं.

व्यवस्थापक धावत आले. "बघा! कठडासुद्धा पाडला यांनी!" ताईंनी तुटलेली तार त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तरी नियम तो नियम. फुली कुणी केली पहिल्यांदा?"

मुलगी पुढे झाली. बाबा तिच्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मलाही काढा बाहेर. मीही केली." मग तिच्याकडे वळून, "नीट केली का गं?"

"मनगटं जुळली नव्हती, बाबा," ती रडत रडत म्हणाली.

ताई दोघांना बाजूच्या दारापर्यंत सोडून आल्या. कार्यक्रम पुन्हा सुरू झाला नाही.

मला दुरुस्तीला नेलं. माझी वाकलेली नळी सरळ केली, दोन्ही कुशींना नवे बोल्ट बसवले. आता मी पुन्हा त्याच सभागृहात उभा आहे. पण समोरच्या भिंतीवर नवी पाटी लागलीय: हातांची फुली करण्यास सक्त मनाई. लोखंडाला लोखंडाचा इलाज मिळाला, पण ही पाटी दिसते तोवर मला स्वस्थता नाही. पुढच्या वेळी शेजारचा एखादा भाऊ हलला आणि मुलांनी हात खालीच ठेवले तर?

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं. मला टेकण्याआधी एकदा हलवून बघा. मी डुगडुगलो तर लाजू नका, मोठ्यांना सांगा, त्यांनी पाण्याची बाटली दिली तरी पुन्हा सांगा. आणि जे मोठे हे वाचत असतील त्यांना हात जोडून विनंती: मुलांचे हात वर गेलेले दिसले, तर खटक्याकडे धावण्याआधी विचारा, "कोण पडलंय, बाळांनो?"