सरांच्या बैठकीतला सोफा

मी सोफा बोलतोय. उभ्या उभ्याच ऐका, माझ्यावर बसू नका. माझ्या गादीवर सांडलेल्या कॉफीचे थर आहेत, हातांवर कोणाकोणाच्या डोक्याचं तेल मुरलंय आणि फटींमध्ये बिस्किटांचा भुगा, नखं आणि एक अर्धवट चघळलेली गोळी आहे. पण मला शिसारी आली आहे ती या घाणीची नाही. घाण झटकता येते.

माझा सांगाडा एका सुताराने ठोकला आणि गाद्या भरल्या त्या एका अबोल कारागिराने. तो बारीक खिळे ओठांत धरून काम करायचा, त्यामुळे दिवसभर तोंडातून ब्र निघायचा नाही. मला वाटलं, माणसं अशीच असतात. किती भोळा होतो मी!

तिथून मला एका विद्यापीठाने उचललं आणि वसतिगृहाच्या तळमजल्यावरच्या बैठकीत आणून ठेवलं. इथली रीत वेगळी आहे. मुलं-मुली एकाच इमारतीत राहतात. एक प्राध्यापक बायकोसह मुलांमध्येच राहतात आणि वरच्या वर्गातला एक विद्यार्थी नव्या मुलांची काळजी घ्यायला ठेवलेला असतो. मुलं प्राध्यापकांना सर म्हणतात, त्यांच्या बायकोला काकू आणि त्या विद्यार्थ्याला दादा. घरापासून लांब आलेल्या पोरांना हक्काने ठोठावायला एक दार असावं, ही त्यामागची कल्पना. चांगलीच होती, खोटं कशाला बोलू?

माशी शिंकली ती प्रशिक्षणात. ‘नवी मुलं बुजतात. आधी स्वतःचा एखादा अनुभव सांगा, म्हणजे ती मोकळी होतात,’ असं सरांना आणि दादाला तिथे शिकवलं. बाकीचं सगळं दोघे विसरले आणि एवढंच धरून बसले.

एक दिवस पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. अंगाने एवढीशी, बोलायला तिखट, म्हणून सगळे तिला लवंगी म्हणत. त्या दिवशी मात्र ती माझ्या अगदी कडेला बसली.

"सर, माझी रूममेट पलंगावरून उठतच नाही. जेवत पण नाही. मला ना..."

"रूममेट!" सर माझ्यावर रेलले. "अगं, माझ्या वेळची गंमत सांगतो. माझा रूममेट असा घोरायचा..."

मग सरांचं घोरणं-पुराण सुरू झालं. त्यातून त्यांची परीक्षा निघाली, परीक्षेतून पहिला नंबर, पहिल्या नंबरातून परदेश. लवंगीने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी सर म्हणाले, "मोकळं वाटलं ना? कधीही येत जा." ती "हो सर" म्हणून गेली. सरांनी उरलेली कॉफी माझ्यावर सांडली आणि ती उशीने झाकली.

दुसऱ्या दिवशी ती दादाला भेटली, तीही माझ्यावरच. दादा मोजे घातलेले पाय माझ्यावर घेऊन बसला. त्या मोज्यांबद्दल न बोललेलं बरं.

"दादा, ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. घरी कळवू नको म्हणते. काल तर ती..."

"मी समजू शकतो," दादा म्हणाला. "माझं ब्रेकअप झालं तेव्हा मी पण असाच पडून होतो." आणि तो रडायलाच लागला. आता समजूत कोणी कोणाची काढायची? लवंगीनेच त्याला पाणी आणून दिलं. त्याने माझ्या हाताला नाक पुसलं.

त्याच आठवड्यात बैठकीत सगळ्या मुलांचा मेळावा भरला. विषय होता ‘मन मोकळं करा’. मन मोकळं करत होते सर. दादा त्यात भर घालत होता. मुलं माना डोलवत बिस्किटं खात होती. तेवढ्यात लवंगी उठली.

"सर, जरा गप्प बसता का?"

दादाने माझ्यावरचे पाय खाली घेतले.

"माझी रूममेट म्हणते, उद्याची सकाळ झालीच नाही तर बरं. हे सांगायला मी तुमच्याकडे आले होते. दादाकडे पण आले होते."

सरांचा हात बिस्किटाच्या बशीवरच राहिला. काकू मात्र उठल्या आणि अनवाणीच लवंगीच्या मागे जिना चढल्या. दोघींनी त्या मुलीला धरून खाली आणलं आणि माझ्यावर निजवलं. कित्येक दिवसांत तिने केस धुतले नव्हते. माझ्यात मुरलेल्या साऱ्या वासांत तेवढ्या एका वासाची मला किळस आली नाही. काकू तिचा हात हातात घेऊन बसल्या आणि डॉक्टर येईपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत. मग तिचे वडील आले आणि तिला घरी घेऊन गेले. ती आता सावरते आहे, असं काकूंच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं.

सरांना अद्दल घडली असेल, असं मला वाटलं. कसलं काय! त्यांना फक्त नवा अनुभव मिळाला.

आज यंदाच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी आली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "सर, मला एक विचारायचं होतं..." आणि सर माझ्यावर रेलले. "थांब. गेल्या वर्षी इथे एक मुलगी होती. खूप खचलेली. मी तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. रात्रभर तिच्या उशाशी बसलो."

लवंगी शेजारीच होती. दादाच्या जागी यंदा तिची नेमणूक झाली आहे. सरांनीच तिचं नाव सुचवलं. मी वाट पाहिली. म्हटलं, आता ही लवंगी तडतडेल आणि खरं काय ते सांगेल. तिने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे.

"हो," ती म्हणाली. "सर होते म्हणून."

मी थुंकू शकत नाही, नाहीतर थुंकलो असतो. सरांच्या खोटेपणाची मला सवय झाली होती, पण हिच्याकडून माझी अपेक्षा होती.

मला भंगारात टाका, जाळा, काय हवं ते करा; या बैठकीत मात्र ठेवू नका. आणि ते जमत नसेल, तर माझं एवढं एक काम करा. ती नवी मुलगी काही न विचारताच आत्ता उठून गेली. अजून जिन्यातच असेल. मला पाय असून चालता येत नाही, तुम्हाला येतं. तिला हाक मारा, आणि ती थांबली की तुम्ही काही सांगू नका.